लॅटिनमधला एखादा अवजाराचा शब्द फ्रेंच, स्पॅनिश, इटालियनमध्ये जाऊन इतका वेगळा कसा होतो?

तुम्ही विचारलंय की मूळ शब्द एकच असताना तो पुढच्या भाषांमध्ये ओळखूच येणार नाही इतका कसा बदलतो, आणि शक्यतो हत्यार-अवजाराचं उदाहरण द्या. मी चावी घेतो. एकतर हा शब्द लॅटिनमधून निघालेल्या झाडून सगळ्या भाषांकडे आहे, आणि दुसरं म्हणजे तो तुमच्या खिशातही आहे, कारण आपला मराठी 'चावी' हा त्याच घरातला शब्द, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला.

मला याचा नाद लागला तो कामामुळे. मी मशीन बसवून चालू करून द्यायचं काम करतो, ब्राझीलमध्ये (तिथे पोर्तुगीज बोलतात) एका कारखान्यात काही महिने होतो आणि तिथले फिटर दिवसभर 'शावी आण, शावी दे' करायचे. सुरुवातीला मला वाटलं कपाटाची चावी हरवलीय, मग कळलं त्यांना पाना हवा असतो. तिकडे पाना म्हणजे शावी, ऍडजस्टेबल पाना म्हणजे 'शावी इंग्लेझा' म्हणजे इंग्रजी चावी, आणि स्क्रू ड्रायव्हर म्हणजे 'शावी जी फेंदा', फेंदा म्हणजे चीर, चिरेत घालून फिरवायची चावी. विचार केला तर बरोबरच आहे, जे नटात किंवा खाचेत बसवून पिळायचं ती चावी. स्पॅनिशमध्ये तर पाना, कुलपाची चावी, पाण्याचा कॉक आणि कुस्तीतली पकड या चारही गोष्टींना एकच शब्द चालतो.

आता मुळाकडे. लॅटिन शब्द क्लाविस, म्हणजे चावी. त्याचा सख्खा भाऊ क्लावुस, म्हणजे खिळा. दोघांच्या मागे जुना अर्थ खुंटी, आकडा असा आहे कारण अगदी जुनी कुलपं म्हणजे दाराच्या आतला अडसरच होता, आणि बाहेरून भोकात वाकडा आकडा घालून तो सरकवायचा, तो आकडा म्हणजे चावी. इथे मला फार आवडलेली गोष्ट सांगतो, आपला दुसरा शब्द 'किल्ली' बघा, तो संस्कृत 'कील' वरून, आणि कील म्हणजे खुंटी, खिळा, आपला 'खिळा' पण त्याच्यातूनच आला. लॅटिनचा आणि आपल्या किल्लीचा शब्द म्हणून काही संबंध नाही, पण दोन्हीकडे माणसांनी खिळ्याच्या शब्दातूनच चावीचा शब्द घडवला.

लॅटिन बोलताना हा शब्द कर्माच्या जागी यायचा तेव्हा तो क्लावेम व्हायचा, आणि पुढच्या भाषांनी बहुतेक नामं याच रूपावरून उचलली. शेवटचा म् तर रोमन लोक स्वतःच बोलताना गिळायचे, म्हणजे हातात राहिलं 'क्लावे'. रोमन साम्राज्य मोडल्यावर एकेका प्रदेशातले लोक आपापल्या परीने हे बोलत राहिले आणि इटालियनमध्ये झालं क्यावे, स्पॅनिशमध्ये ल्यावे (आता बहुतेक लोक यावे म्हणतात), पोर्तुगीजमध्ये चावे (त्यातल्या च चा पुढे श झाला, ते शेवटी सांगतो), कॅटलानमध्ये, म्हणजे स्पेनमधल्या बार्सिलोनाकडच्या भाषेत, क्लाउ, सार्डिनिया या इटलीच्या बेटावर क्राए, रोमानियनमध्ये केये, आणि फ्रेंचमध्ये क्ले. केये आणि यावे शेजारी ठेवले तर कुणी म्हणणार नाही की हे एकाच आईचे.

पण यात मनमानी कुठेच नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. बदलतो तो आवाज, आणि एका भाषेत एखादा आवाज बदलला की तो ज्या ज्या शब्दात तशाच जागी असतो तिथे बहुतेक ठिकाणी तसाच बदलतो. तोंडाने 'क्ल क्ल' असं भरभर म्हणून बघा, ल हळूहळू टाळूकडे सरकतो आणि 'क्ल्य' असं काहीतरी व्हायला लागतं. इटालियनने त्यातला ल सोडला, राहिलं क्य. स्पॅनिशने क सोडला, राहिलं ल्य. पोर्तुगीजमध्ये सगळं एकत्र मळून च झाला. फ्रेंच आणि कॅटलानने क्ल ला हातच लावला नाही. विश्वास नसेल तर दुसरा शब्द घ्या, क्लामारे म्हणजे ओरडणे, हाक मारणे, त्याचं इटालियनमध्ये क्यामारे, स्पॅनिशमध्ये ल्यामार, जुन्या पोर्तुगीजमध्ये चामार, रोमानियनमध्ये केमा. अगदी तीच वाट. फ्लाम्मा म्हणजे ज्वाळा, तिचं इटालियन फ्याम्मा, स्पॅनिश ल्यामा, पोर्तुगीज चामा. म्हणजे क असो, फ असो, पुढे ल आला की स्पॅनिशमध्ये ल्य आणि पोर्तुगीजमध्ये च, हे एकदा लक्षात आलं की मी नवीन शब्द पाठ करायचं सोडूनच दिलं, स्पॅनिशवरून पोर्तुगीज अंदाजाने बोलायचो आणि बऱ्याचदा बरोबर यायचं.

फ्रेंचचं काम मात्र दुसरीकडे झालं. तिथे सुरुवात तशीच राहिली पण आतला आ बदलून ए झाला, जसा मारे (समुद्र) चा मेर झाला, आणि शेवटचा स्वर गळल्यावर उघडा पडलेला व बदलून फ झाला, जसा नोवेम (नऊ) चा नफ झाला. म्हणून क्लेफ. नंतर तो फ पण बोलण्यातून गेला, पण लिहिण्यात अजून आहे, फ्रेंच लोक हा शब्द आजही दोन प्रकारे लिहितात, शेवटी फ लावून आणि न लावता, उच्चार दोन्हीचा क्ले. रोमानियनमध्ये दोन स्वरांमधला व सरळ नाहीसा झाला म्हणून केये इतका बारीक दिसतो.

कॅटलानचं तर आणखी छान आहे. तिथे चावी पण क्लाउ आणि खिळा पण क्लाउ, फरक फक्त लिंगाचा, ती क्लाउ म्हणजे चावी आणि तो क्लाउ म्हणजे खिळा. हजारो वर्षांपूर्वी एका मुळातून फुटलेले दोन भाऊ झिजून झिजून परत एकसारखे झाले!

एक सावधगिरी. स्पॅनिशमध्ये 'क्लावे' असाही शब्द सापडेल, त्याचा अर्थ संकेत, कोड, गूढ उकलायची गुरुकिल्ली. मग क्ल चा ल्य का नाही झाला? कारण तो शब्द लोकांच्या तोंडून झिजत आलेला नाही, तो शिकलेल्या लोकांनी नंतर लॅटिन पुस्तकांतून जसाच्या तसा उचलला. आपल्याकडे 'दूध' बोलण्यातून आलं आणि 'दुग्ध' पोथीतून घेतलं, तसंच. पोप निवडतात त्या 'कॉन्क्लेव्ह'मध्येही हाच क्लाविस आहे, चावीने बंद केलेली खोली.

आणि चावीचा मान तिकडेही आपल्यासारखाच होता. रोमन घरात किल्ल्या घरच्या बाईकडे असायच्या, आणि नवऱ्याने तिच्याकडून त्या काढून घेतल्या की मोडलं लग्न. इ.स.पू. 44 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने आपला राजकीय वैरी अँटनी याच्याविरुद्ध लिहिलेल्या एका भाषणात हे येतं, की अँटनीने आपल्या बाईच्या चाव्या काढून घेतल्या आणि तिला घालवून दिलं. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तो तिने माझ्या आईच्या हातात दिला तो दिवस घरात अजून सांगतात, त्यामुळे ते वाचताना मी बराच वेळ तिथेच थांबलो.

आता आपली चावी. पोर्तुगीज 1510 ला गोव्यात बसले, 1534 ला वसई त्यांच्याकडे आली आणि 1739 पर्यंत राहिली. त्या काळात घमेलं, बादली, पिंप, पाव या शब्दांसोबत चावी आली, आणि मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली सगळीकडे पसरली. हिंदीत व चा ब झाला, आपण व तसाच ठेवला, लिंगही तेच ठेवलं, लॅटिनमध्ये ती चावी होती, पोर्तुगीजमध्ये ती, मराठीतही ती. अर्थही इथे येऊन पसरला, खेळण्याला चावी देतात, कुणीतरी कुणाला चावी मारतं, आणि मुंबईत महापालिकेचे पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारे लोक चावीवाले. स्पॅनिशमध्येही पाण्याच्या कॉकला चावीच म्हणतात हे वर सांगितलंच.

पण सगळ्यात महत्त्वाचा तो च. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव' असा ऐकू येतो आणि ब्राझीलमध्ये 'शावी', मग आपल्याकडे च कुठून आला? तर जे पोर्तुगीज इकडे आले तेव्हा ते स्वतःच च म्हणत होते. च चा श व्हायला लागला तो नंतर, साधारण 17व्या शतकापासून, आणि तोपर्यंत आपण शब्द घेऊन मोकळे झालो होतो. आणि नीट ऐका, हा 'चावणे'मधला च नाही, 'चहा'मधला टाळूवरचा च आहे, जुन्या पोर्तुगीजमधला होता तोच. ब्राझीलमधल्या त्या फिटरना मी हे सांगितलं की आम्ही घरी 'चावी' म्हणतो, तर त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला की त्याचे आजोबा उत्तर पोर्तुगालच्या डोंगरातून आलेले आणि ते मरेपर्यंत च लावूनच बोलायचे. त्या भागातल्या काही गावांत तो च अजूनही टिकून आहे.