कलचाचणीत कल दिसला नाही, तर?

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. शाळेतल्या कलचाचणीत तिला सहाही गटांत जवळपास सारखेच आणि कमी गुण मिळाले. अहवालावर शेरा आहे, 'कल स्पष्ट नाही.' गणित-विज्ञानात ती चांगली आहे, म्हणून तिचे बाबा म्हणतात, आवड नाहीच तर मार्कांवरून ठरवून टाकू. ती स्वतः 'मला कशातच रस नाही' एवढंच म्हणते. शाळेच्या नाटकात सगळ्या मैत्रिणींनी काम केलं, ही नुसती कपड्यांच्या आणि सामानाच्या याद्या करत बसली. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याकडे येतेच, पण आधी त्या शेऱ्याबद्दल बोलू, कारण घरात सगळ्यांनी तो निकालासारखा घेतलेला दिसतो.

असे सहा गट बहुतेक चाचण्यांत जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून घेतलेले असतात. ती त्याने 1959 मध्ये पहिल्यांदा मांडली. हाताने आणि यंत्रांवर करायची कामं, शोध घेण्याची कामं, कलानिर्मिती, माणसांना शिकवण्याची किंवा मदत करण्याची कामं, पुढाकार घेऊन लोकांना पटवण्याची कामं आणि नोंदी-आकडे-व्यवस्था यांची कामं, असे ते सहा. काहींचा एखादा गट ठळक वर येतो, काहींचा आलेख सपाट राहतो, हे हॉलंडनेही लक्षात घेतलं होतं. सपाट आलेख म्हणजे मुलीत काही कमी आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

तो सपाट का आला, हे मात्र पाहायला हवं. चाचणीतले प्रश्न साधारण असे असतात : बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला आवडेल का? प्रयोगशाळेत नमुने तपासायला आवडेल का? जे कधी केलंच नाही त्याला मूल 'नाही' म्हणतं, आणि त्या 'नाही'चा खरा अर्थ बऱ्याचदा 'माहीत नाही' एवढाच असतो. मुलींच्या बाबतीत मी आणखी जपून वाचते. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये मांडलं, की साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयातच मुलं 'हे मुलांचं काम, हे मुलींचं' अशी विभागणी करून कितीतरी व्यवसाय मनातून बाद करू लागतात, आणि पुढे प्रतिष्ठेच्या हिशेबाने आणखी काही गळतात. तुमच्या मुलीच्या हातात कुणी कधी स्क्रूड्रायव्हर दिला होता का? नसेल, तर त्या गटातल्या तिच्या कमी गुणांवरून मी काहीच ठरवणार नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. पूर्वी जे ती हौसेने करायची तेही सुटलं आहे का? झोप, जेवण, मैत्रिणी यांत बदल झाला आहे का? तसं असेल तर 'कशातच रस नाही' हा करिअरचा प्रश्न राहत नाही. आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अभ्यासक्रमाची निवड थोडी थांबू शकते.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. मार्कांना किंमत आहेच, आणि गणित-विज्ञान येत असेल तर तिने ते सोडू नये, त्याने पुढचे बरेच रस्ते उघडे राहतात. पण एखादी गोष्ट आज जमते का, एवढंच मार्क सांगतात. तेच काम वर्षानुवर्षं करताना मन त्याच्याकडे वळत राहील का, हे त्यांतून कळत नाही. कल आणि कामातली कामगिरी यांच्यावरच्या सहा दशकांच्या संशोधनाचा आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती आवड किती आहे यापेक्षा ती आणि काम यांचा मेळ बसतो का, यावरून कामगिरीचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. समाधानाचं गणित मात्र एवढं सरळ नाही. त्यात वरिष्ठ, सहकारी, मोबदला, कामाचे तास असं बरंच काही येतं. 'आवडीचं काम मिळालं की आयुष्य मार्गी लागलं' असं मी कुठल्याच मुलाला सांगत नाही.

वयाचाही विचार करा. 12 ते 40 या वयातल्या लोकांच्या आवडी किती टिकतात, यावरच्या अभ्यासांचा आढावा 2005 मध्ये आला. साधारण 18 ते 22 या काळात आवडींचं स्थैर्य एकदम वाढतं आणि नंतर बरीच वर्षं तसंच राहतं. तुमची मुलगी त्या उंबरठ्याच्या अलीकडे उभी आहे. आत्ता तिला दाखवावं तेवढं थोडंच.

आणि त्या याद्या. त्यांच्याआधी तुम्ही 'नुसती' लिहिलंत. टाळ्या मिळणार नाहीत हे माहीत असताना, ती त्या करत बसली. कुणाचा कोणता कपडा, कोणत्या प्रवेशात कोणती वस्तू, ती परत कुठे ठेवायची. रस आहे की नाही हे मी तरी अशाच जागी शोधते. पसाऱ्याची घडी बसवणं तिला आवडत असेल, किंवा पडद्यामागून सगळं नीट पार पडतंय हे पाहणं. वाट्याला आलं म्हणून केलं, असंही असेल. तिला विचारा, त्यातलं काय करताना वेळेचं भान राहिलं नाही, आणि काय कंटाळवाणं होतं? 'तुला काय व्हायचंय?' हा प्रश्न सध्या घरात कुणीच विचारू नका.

पुढचे काही महिने तिला वेगवेगळी छोटी कामं करू द्या : एखाद्या ग्रंथालयाची सूची लावणं, लहान मुलांना शिकवणं, काहीतरी उघडून दुरुस्त करणं, एखाद्या कार्यक्रमाचा हिशेब ठेवणं. एकदा करून सोडलं तर ते काम कळत नाही. रस बऱ्याचदा थोडं जमू लागल्यावर वाढतो, म्हणून प्रत्येक काम निदान चार-पाच वेळा होऊ द्या. प्रत्येक वेळी दोन ओळी लिहायच्या : काय केलं, आणि पुन्हा करावंसं वाटलं का. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या ओळखीच्यांना भेटली, तर 'हे क्षेत्र कसं आहे?' असं न विचारता 'काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?' असं विचारायला सांगा. पदवीचं नाव एक असतं आणि दिवसभराचं काम भलतंच, हे तिला आत्ताच कळलेलं बरं.

तोवर गणित-विज्ञान चालू ठेवा. तिच्या नोंदी जमल्या की मला पाठवा, तिची हरकत नसेल तरच. पुढच्या पत्रात तिने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल.