गोवा मुक्तीच्या लढ्यात रेडिओचा उपयोग झाला होता का?

हो, आणि तो फार मोलाचा होता. पोर्तुगीज राजवटीत वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉरशिप होती. म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीबाहेर, आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला. पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या जायच्या. कोकणी नाव होतं ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं. आंबोलीचा पाऊस ज्याने अनुभवलाय, त्याला तिथल्या रानात यंत्रं सांभाळणं म्हणजे काय ते कळेल! १९ डिसेंबर १९६१ला तर दोघांनी विमानातून, लाउडस्पीकरवर गोवा मुक्त झाल्याची बातमी दिली. लिबियाताईंना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खूप आधी मिळायला हवी होती.