एअर अमेरिका प्रकरणात न्यूयॉर्क टाइम्स झोपला होता की झोपेचं सोंग?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतली मोठी वर्तमानपत्रं उजव्या टॉक रेडिओला (म्हणजे राजकीय गप्पा आणि टीकाटिप्पणी चालणाऱ्या रेडिओला) झोडपतात आणि डाव्याला सांभाळून घेतात, यात तथ्य किती? थोडं आहे. पण लोक ते विशेषणांत शोधत बसतात. मी कुठली बातमी कधी छापली, त्या तारखा बघतो.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, त्यामुळे हा प्रकार नीट डोळ्यांसमोर येत नाही. तिकडे वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू ऐकवायचं बंधन १९८७मध्ये उठलं आणि पुढच्याच वर्षी उजव्या टॉक रेडिओचा बिनीचा निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागला. वाढता वाढता त्याचा कार्यक्रम लावणारी सहाशेच्या आसपास स्टेशनं झाली. त्याला उतारा म्हणून ३१ मार्च २००४ला एअर अमेरिका हे डाव्यांचं रेडिओ नेटवर्क निघालं. स्टेशनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण पेपरांनी बारसं दणक्यात केलं.

मग २००५चा उन्हाळा. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातला ग्लोरिया वाइज बॉइज अँड गर्ल्स क्लब, म्हणजे सरकारी पैशावर मुलांसाठी आणि वृद्धांसाठी उपक्रम चालवणारी संस्था. तिथले ८,७५,००० डॉलर कर्ज म्हणून एअर अमेरिकाकडे वळवलेले निघाले. शहराच्या तपास खात्याने चौकशी लावली. स्थानिक पेपरात आलं, न्यूयॉर्क सन या दैनिकाने उचलून धरलं, उजव्या ब्लॉगरांनी बोंब ठोकली. न्यूयॉर्क टाइम्स मात्र गप्प. प्रकरण त्यांच्याच शहरातलं, तरी पहिली बातमी यायला ऑगस्ट उजाडला. शेवटी टाइम्सचेच पब्लिक एडिटर, म्हणजे वाचकांच्या वतीने पेपरचीच झाडाझडती घेणारे, बायरन कॅलम यांनी लिहिलं, की पेपर कमी पडला आणि त्यामुळे पक्षपाताचा संशय बळावला. मुद्दाम दडपल्याचा पुरावा मात्र त्यांना दिसला नाही.

मलाही ते कारस्थान वाटत नाही. पेपरात रेडिओच्या बातम्या एका डेस्ककडे (विभागाकडे), ब्रॉन्क्समधली संस्था दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही वाटतं की ते दुसरा बघेल. कुठल्याही मोठ्या ऑफिसात चालतं तसंच. पण उजवे जे उदाहरण तोंडावर फेकतात, तेही खोडता येत नाही: ऑक्टोबर २००३मध्ये लिंबॉच्या वेदनाशामक गोळ्यांची भानगड नॅशनल एन्क्वायररसारख्या चटपटीत साप्ताहिकाने छापली, तर मोठ्या पेपरांनी ती लगेच उचलली. आता, लिंबॉ घराघरांत माहीत होता आणि आठवड्याभरात त्याने स्वतःच ऑन एअर व्यसनाची कबुली दिली, हा फरक आहेच. तरी मुलांच्या संस्थेचा पैसा लिंबॉच्या कंपनीत सापडला असता तर टाइम्स ऑगस्टपर्यंत थांबला असता का? मला नाही वाटत.

टॉक रेडिओवाल्यांना हा उशीर म्हणजे आयतं कोलीत. रोज सकाळी पेपर समोर घ्यायचा, मथळे वाचायचे, टर उडवायची. निम्मा कार्यक्रम त्यावर निघतो. टाइम्स उद्या नि:पक्षपाती झाला तर पंचाईत यांचीच.

आणि ज्या पब्लिक एडिटरने हे छापून कबूल केलं, ते पदच टाइम्सने २०१७मध्ये बंद केलं.