पाऊस कुठे पडला, छप्पर कशाचं : किरणोत्साराबद्दल तुमचे प्रश्न

सर, नागपुरात किरणोत्सारी अपघात झालाच, तर अमुक किलोमीटरपर्यंत धोका, असं वर्तुळ काढून का सांगत नाहीत? (एक शिक्षक, मौदा)

पहिल्या काही तासांत वर्तुळच काढतात. तेव्हा हाताशी दुसरं काही नसतं. पण प्रदूषण वर्तुळात पडत नाही. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राला अपघात झाला, तेव्हा त्याच्या २० किलोमीटर परिघातली माणसं हलवली. इताते हे गाव वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर, म्हणजे त्या परिघाच्या पार बाहेर. १५ मार्चला वारा तिकडे वळला, त्यातच पाऊस आणि बर्फ पडला आणि हवेतलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य या गावावर उतरलं. गाव सोडायचा आदेश निघेपर्यंत एप्रिल उजाडला. आपल्याकडे तर एका शिवारात सर कोसळते आणि शेजारचं वावर कोरडंच राहतं. जिल्ह्याच्या सरासरी पावसावर बेतलेल्या नकाशावर मी तरी विसंबणार नाही.

आमचं घर जाड मातीच्या भिंतींचं, कवेलूचं. शेजारी काकांचं टिनाचं. कोणतं बरं? (एक वाचक, घाटंजी)

आत बसून राहायचं असेल तर तुमचं. जाड मातीची भिंत गॅमा किरणं बरीच अडवते, टिन जवळजवळ नाहीच.

पुढच्या महिन्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. प्रदूषण कुठे किती बसेल याचा अंदाज बांधणाऱ्या गणिती प्रारूपात छप्पर, भिंत, रस्ता, अंगण, झाड यांचा हिशेब वेगवेगळा मांडतात. पाऊस नसताना धूळ सर्वांत जास्त पानांवर बसते, उभ्या भिंतीवर सर्वांत कमी. डांबरी रस्ता रहदारीने आणि पावसाने लवकर साफ होतो. भाजलेल्या मातीच्या कवेलूत मात्र सीझियम वर्षानुवर्षं घट्ट बसतं, आणि सीझियम-१३७ निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात. टिनावरून बरंचसं धुऊन जातं, पण ते वळचणीखालच्या मातीत साचतं. म्हणून मोजणी करणाऱ्यांना आधी वळचण आणि नाली दाखवा. अंगणाची वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडून काढली तर मोठा फरक पडतो. जपानमध्ये तेच केलं.

प्रारूपातले हे आकडे बहुतांशी १९८६ च्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर युरोपातल्या घरांवर मोजलेले आहेत. सारवलेलं अंगण, कुडाच्या भिंती, आपला पावसाळा त्यांत नाही. ही उणीव मला फार खटकते, कारण ती भरून काढता येण्यासारखी आहे. त्यासाठी किरणोत्सारी पदार्थही लागत नाही. साधं, स्थिर सीझियम कवेलूच्या तुकड्यांवर टाकून ते पावसाळाभर उघड्यावर ठेवले, तरी किती धुतलं जातं ते कळेल. विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावं.

जनावरांचं काय करायचं? (एक शेतकरी, कारंजा लाड)

चराईला सोडू नका. आधीच झाकून ठेवलेलं कुटार द्या, विहिरीवर झाकण टाका. अपघातात बाहेर पडलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावरून गायीच्या दुधात उतरतं. चेर्नोबिलनंतर लेकरांना थायरॉइडचे कर्करोग झाले ते मुख्यतः अशा दुधामुळे. आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ऐंशी दिवसांत हजारावा भाग उरतो. तोवर लेकरांना ताजं दूध नको.

आमच्या जवळपास अणुवीज केंद्र नाही. मग हे सगळं कशाला? (एक वाचक, वरोरा)

भंगारामुळे. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र दोघांनी उचलून नेलं आणि त्याचे भाग भंगारवाल्याला विकले. आतली सीझियमची निळी चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने घरोघर वाटली. चार जण गेले. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य भंगारात आलं आणि एक कामगार दगावला.

गोयानियात प्रदूषण पसरलं ते मुख्यतः माणसांच्या हातांनी, कपड्यांनी, चपलांनी. तिथे वाऱ्याचं प्रारूप फारसं कामाचं नसतं. कोण कुणाच्या घरी गेलं, ते विचारावं लागतं.

तुमच्या गावच्या भंगारवाल्याला एवढं सांगा : आकाराच्या मानाने फार जड शिशाचं भांडं, किंवा पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर ते फोडायचं नाही, उचलायचं नाही. सगळ्यांनी लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा. ज्याचा हात लागला असेल त्याने कपडे बदलून पिशवीत बांधून ठेवायचे, साबणाने हात धुवायचे आणि पथक येईपर्यंत गावात फिरायचं नाही.