व्हॉल्ट म्हणजे छत, तिजोरी की उडी?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, पणजीला जिम्नॅस्टिक्सला जाते, तिथले सर सारखं व्हॉल्ट व्हॉल्ट करत असतात. मागच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन ओल्ड गोव्याला गेलो तर से कॅथेड्रलमध्ये गाइड वर बोट दाखवून म्हणाला, हा बघा व्हॉल्ट. आणि आमचे मिस्टर बँकेत, त्यांचा व्हॉल्ट म्हणजे कॅश ठेवायची खोली! मुलगी विचारते, आई, हा एक शब्द की तीन? ता. क. धाकटा विचारतोय, व्होल्टेज पण यातलंच का. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, तीन नाहीत, दोन. छत आणि तिजोरी हा एक शब्द, उडी हा दुसरा, डिक्शनरीतही वेगवेगळे दिलेले असतात. पण दोघी चुलत बहिणी आहेत, आजी एकच. आजी म्हणजे लॅटिनमधलं वोल्वेरे हे क्रियापद, अर्थ वळणे, फिरणे, गुंडाळणे. आपल्या वळण, वळसा, वलय या शब्दांचं मूळही भाषातज्ज्ञ त्याच जुन्या धातूशी नेऊन जोडतात, म्हणजे तुमच्या लेकीला फार लांब जायला नको, ‘वळ’ एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता छताचं बघा. सपाट छताला वळण दिलं की व्हॉल्ट. कमान घ्यायची आणि तीच पुढे पुढे ओढत न्यायची, अर्ध्या पाइपसारखी, की झाला व्हॉल्ट, आणि तीच कमान जागच्या जागी गोल फिरवली की घुमट (मंगेशीच्या देवळाचा असतो तो, गोव्यातलं वाजवायचं घुमट नव्हे). से कॅथेड्रलला मधल्या लांब भागावर हा अर्ध्या पाइपचा प्रकार आहे, पण आतून चर्च क्रूसाच्या आकाराचं आहे, पुढे जिथे त्या क्रूसाचे आडवा आणि उभा भाग एकमेकांना छेदतात तिथे मान वर केली तर दगडी फासळ्या दिसतात, तो फासळ्यांचा व्हॉल्ट, पुढच्या वेळी गाइडला थांबवून दाखवायला सांगा. 1562 ला सुरू झालेलं काम 1619 ला संपलं, त्यामुळे घाईत बघून होत नाही ते.

या वळणाला एक खोड असते, ते नुसतं खाली दाबत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलत राहतं, म्हणून त्या जुन्या चर्चच्या चिऱ्यांच्या भिंती एवढ्या जाडजूड. ओल्ड गोव्यातलंच सेंट ऑगस्टिनचं चर्च 1835 मध्ये ओस पडलं, देखभाल संपली, आणि 1842 मध्ये त्याचा व्हॉल्ट खाली आला. आज तिथं उभा दिसतो तो मनोरा, तोही अर्धाच, 46 मीटरच्या आसपास.

तळघरांना असंच कमानीचं छत असायचं, वरच्या घराचं वजन पेलायला. त्यामुळे छताचं नाव खोलीलाच चिकटलं, मग त्यात दारूची पिंपं ठेवा, मेलेली माणसं ठेवा नाहीतर सोनं ठेवा. आज बँकेतल्या व्हॉल्टला वर चांगला सपाट स्लॅब असतो, वळण कुठेच नाही, नाव मात्र राहिलं. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराच्या तळघरांना 2011 साली सगळ्या पेपरांनी व्हॉल्टच म्हटलं होतं, आठवत असेल.

गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ल नव्हताच, लॅटिन शिकलेल्या मंडळींनी तो नंतर परत घुसवला, फ्रेंच लोक अजूनही नुसतं वूत म्हणतात. पोर्तुगीजमध्ये अबोबदा, तोही याच घराण्यातला. आणि तुमच्याकडे कोणी जुनं पोर्तुगीज शिकलेलं माणूस असेल तर त्याला वोल्ता म्हणजे काय विचारा, फेरी, वळसा, फेरफटका असं लगेच सांगेल.

उडीची बहीण इटालियन-फ्रेंच वाटेनं आली, 16व्या शतकात. तिथं वळणं म्हणजे घोड्याला गर्रकन वळवणं, मग घोड्यावर टुणकन चढणं-उतरणं, मग हाताचा टेकू देऊन कशावरूनही पलीकडे जाणं. नुसती उंच उडी म्हणजे व्हॉल्ट नाही हं, हात नाहीतर काठी टेकायलाच हवी! मूळ घोड्याचं, म्हणून जिम्नॅस्टिक्समधल्या त्या साधनाला घोडाच म्हणायचे, 2001 पासून घोडा जाऊन रुंद टेबल आलं. 2016 ला रिओत दीपा कर्माकरनं याच टेबलावरून ती भयंकर प्रोदुनोवा उडी (हात टेकून हवेत पुढे दोन कोलांट्या) घेतली आणि 0.150 गुणांनी ब्राँझ हुकलं, आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवलं नाही धड. पोल व्हॉल्टला मराठीत बांबू उडी म्हणतात, बांबू कधीच गेला, फायबरच्या काठ्या आल्या, पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये स्वीडनचा डुप्लांटिस 6.25 मीटरवरून पलीकडे गेला.

धाकट्याला सांगा, व्होल्टेज यातलं नाही. ते अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाच्या आडनावावरून, 1800 मध्ये बॅटरी बनवणारा तो. पण मुंबईला जायची व्होल्वो मात्र यातलीच, लॅटिनमध्ये व्होल्वो म्हणजे ‘मी गडगडत फिरतो’, आधी ते बॉल बेअरिंगसाठी घेतलेलं नाव होतं, गाड्या नंतर आल्या.