पहिला काइट घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मोरजीला काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावरून जाण्याचा, कोर्स केला. आता बोर्डवर दोन्ही दिशांना जाता येते. वजन ७२ किलो. दुकानदार म्हणतो, १० मीटरचा घ्या, सगळीकडे चालतो. घ्यावा का? — एक वाचक, पुणे

आधी काइट नाही, वारा बघा. तुम्ही मोरजी-अश्वे भागातच जाणार असाल, तर तिथे कोरड्या महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुतेक १० ते १५ नॉटचा असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

काइटवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : वजन किलोत घ्या, २.२ ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटने भागा. उत्तर चौरस मीटरमध्ये, म्हणजे काइटच्या आकारात, येते. तुमचे ७२ गुणिले २.२ म्हणजे १५८. १३ नॉटने भागल्यास साधारण १२. दहाचा काइट तुम्हाला खरा ओढू लागेल तो १६ नॉटला, आणि तसा वारा तिथे रोज मिळत नाही. त्यामुळे १२ चाच घ्या.

लहान काइट म्हणजे सुरक्षित काइट, असे नवशिक्यांना वाटते. कमी वाऱ्यात तो पुरेसा ओढत नाही. बोर्ड पाण्याबाहेर येत नाही, काइट सतत खालीवर फिरवावा लागतो, आणि तुम्ही वाऱ्याच्या दिशेने वाहत जाऊन किनाऱ्यावरून चालत परत येता. लाइनी (काइटच्या दोऱ्या) सैल पडल्या की काइट सरळ पाण्यात कोसळतो.

मात्र १४ किंवा १५ कडेही वळू नका. मोठा काइट वळायला सुस्त असतो आणि पाण्यातून उठायला वेळ घेतो. शिवाय ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वारा १३ वरून २० नॉटवर गेला, तर ओढ दीडपट नव्हे, सव्वादोन पटींहून अधिक होते. म्हणून अंदाज बघताना सरासरीबरोबर झोताचा आकडाही बघा. सरासरी १२ आणि झोत २२ असेल, तर त्या दिवशी नवशिक्याने पाण्यात उतरू नये.

रामेश्वरमलाही जायचा विचार असेल, तर दुसरा काइट ९ चा घ्या. तिथल्या जोराच्या वाऱ्यात, २० नॉटला, तुमचा हिशेब ८ च्या आसपास येतो. पण तो नंतर.

प्रश्न : सी, बो, डेल्टा, हायब्रिड, फॉइल अशी नावे ऐकून गोंधळ होतो. फरक काय? — एक वाचक, नाशिक

नवशिक्याने सी काइट घेऊ नये. त्याच्या लाइनी थेट कोपऱ्यांना जोडलेल्या असतात, त्यामुळे बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, अंगापासून लांब सोडला तरी ओढ थोडीच कमी होते. ब्रुनो लगेन्यू यांची बो रचना २००५ च्या सुमारास बाजारात आली आणि हे बदलले. पुढच्या कडेला ब्रायडल (छोट्या दोऱ्यांचा जोड) आणि मागची कड आत वळलेली, त्यामुळे बार सोडताच ओढ जवळजवळ संपते. आजचे डेल्टा आणि हायब्रिड याच विचारावर बनतात. त्यांतला तीन स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे कापड ताठ ठेवणारी हवेची आडवी नळी), फारसा लांबुळका नसलेला, ‘फ्रीराइड’ म्हणून विकला जाणारा काइट बघा. तो पाण्यातून उठायला सोपा असतो. पाच स्ट्रटचा झोतात स्थिर, पण जड. एक स्ट्रटचा हलक्या वाऱ्यात छान उडतो, मात्र जोराच्या वाऱ्यात फडफडतो. फॉइल काइटमध्ये हवेच्या नळ्या नसतात. पाणी आत शिरले की तो उठवणे कठीण. सध्या तो विसरा.

प्रश्न : पाच-सहा वर्षे जुना काइट बारसकट स्वस्तात मिळतो आहे. काय तपासू? — एक वाचक, मुंबई

काइट जुना चालेल. बार मात्र नवा घ्या, पैसे वाचवायची ती जागा नाही. संकटात ढकलायचा क्विक रिलीज बारवरच असतो. तो सुटला की बार एकाच पुढच्या लाइनीवरून वर सरकतो आणि काइट निर्जीव होऊन पाण्यावर पडतो. या रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आले. त्यानुसार बनलेला बार मागा. तो तुमच्या काइटला जुळतो का, हेही विचारा : लाइनी चार की पाच, पुढच्या दोन लाइनी किती उंचीवर फुटतात, आणि टोकाला कुठे गाठ व कुठे फास आहे. कंपनी वेगळी असली की यात फरक पडतो.

आता काइट. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणा आणि उजेडासमोर धरा. उन्हाने खाल्लेले कापड मऊ, चिंधीसारखे लागते आणि ताणताच शिवणीपाशी उसवते. असे असेल तर पुढे बघूच नका, कारण गळका ब्लॅडर (नळीतली हवेची पिशवी) बदलता येतो, कुजलेले कापड नाही. मागच्या कडेची शिवण सर्वांत आधी जाते. ती पूर्ण लांबी बोटांनी चाचपा.

मग सावलीत पूर्ण हवा भरा आणि निदान तीन तास, जमल्यास रात्रभर ठेवा. उन्हात हवा प्रसरण पावते आणि गळती लपते. हवा भरल्यावर स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या क्लिपा बंद करा, म्हणजे नेमका कोणता भाग मऊ पडतो ते कळेल. साबणाचे पाणी लावून व्हॉल्व्हचा बुडखा बघा. बंद गाडीच्या उष्णतेत राहिलेल्या काइटचा गोंद तिथेच सुटतो. ब्रायडल कप्पीत जिथे घासते, तिथे धागे पिसारले असतील तर ती दोरी बदला.

नवा बार लगेच मिळणार नसेल, तर जुन्याच्या चारही लाइनी एका खुंटीला अडकवून, ट्रिम (पुढच्या लाइनी आखूड करायचा पट्टा) पूर्ण सोडून बार ओढा. चारही सारख्या ताणाच्या हव्यात. वापराने पुढच्या लाइनी ताणून लांब होतात, म्हणजे मागच्या तुलनेने आखूड पडतात. मग काइट डोक्यावर थांबत नाही, मागे सरकून पडतो. दोष काइटचा नाही. बारच्या टोकांना मागच्या लाइनी एकेक गाठ बाहेर सरकवा, दोन्ही बाजूंना सारख्याच.

प्रश्न : रामेश्वरमला ९ मीटरवर शिकले, वजन ५८ किलो. आता नेदरलँड्सला राहते. तोच आकार चालेल? — एक वाचक, रॉटरडॅम

हिशेबाप्रमाणे ९ चा काइट तुम्हाला १४ नॉटला बरोबर आहे. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर २० नॉट लागला तर आकडा ६.४ येतो, म्हणून ७ चाही जवळ ठेवा. थंडीचाही विचार करा : ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के घन असते, त्यामुळे आकडा तोच असला तरी ओढ जास्त लागते. ७ चा काइट चटकन वळतो, बार हळू हलवा. थंडीचे हातमोजे घालून क्विक रिलीज सुटतो का, हे किनाऱ्यावरच करून बघा.

प्रश्न : हवा किती भरावी? — एक वाचक, रत्नागिरी

काइटवर छापलेली असते तेवढी. साधारणपणे १२ च्या काइटला ६ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास, ७ च्याला ८ च्या जवळ. नवशिके बहुधा कमीच भरतात, कारण शेवटचे दहा-पंधरा पंप जड जातात. मऊ काइट झोतात मध्येच दुमडतो आणि पाण्यातून उठत नाही. भरताना काइट लीशने (दोरीने) पंपाला अडकवा. भरून झाला की फुगीर कड खाली आणि वाऱ्याकडे तोंड करून ठेवा, आणि कापडावर ओली वाळू टाका. रिलीजमध्ये मात्र वाळूचा कण राहू देऊ नका. तो गोड्या पाण्याने धुवा आणि दर वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी एकदा हाताने सोडून बघा.