वाचक विचारतात : गाणे तेच, बोलणारा दुसरा

प्रश्न : गाजलेले गाणे दुसऱ्या कोणी गायले की बहुतेक वेळा आपण ‘मूळ गाण्याची सर नाही’ असे म्हणून मोकळे होतो. तरीही काही कव्हर, म्हणजे दुसऱ्याने नव्याने गायलेली गाणी, मूळ गाण्याला मागे टाकतात. त्यांत नेमके काय साधलेले असते? आपल्या आवडीच्या उदाहरणांसह सांगावे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आवडीचे विचारता आहात, तर अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या ‘रिस्पेक्ट’पासून सुरुवात करणे भाग आहे. ते जगप्रसिद्ध आहे हे कारण दुय्यम. कव्हरमध्ये काय घडावे लागते, ते त्यात ओळीओळीने तपासता येते, हे खरे कारण. हे गाणे ओटिस रेडिंगने लिहिले आणि १९६५ साली गायले. त्यात बोलणारा पुरुष बाहेरून घरी येणारा आहे. माझे सगळे पैसे तुलाच देणार आहे, तेव्हा घरी आल्यावर मला थोडा मान मिळावा, एवढेच त्याचे मागणे आहे. विनवणी आणि हक्क यांच्या मधला कुठला तरी सूर त्याने लावला आहे, आणि गाणे आपल्या जागी उत्तमच आहे.

अरीथाने ते १९६७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले. पहिल्याच ओळीत रेडिंगचा पुरुष ‘तुला हवे ते तुला मिळालेच आहे’ अशा अर्थाचे बोलतो, तर अरीथाची स्त्री ‘तुला हवे ते माझ्यापाशी आहे’ असे म्हणते. बदल एका सर्वनामाचा, पण देणारी आणि घेणारा यांच्या जागा त्याने उलटून गेल्या. आता पैसेही तिचेच आहेत आणि अटही तिचीच. शीर्षकातल्या शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारणे, जे आज या गाण्याची ओळख होऊन बसले आहे, ते रेडिंगच्या गाण्यात नाही. अरीथा ती अक्षरे उच्चारते तेव्हा वाद्ये हात आखडता घेतात आणि ऐकणाऱ्याला दुसरीकडे लक्ष देण्याची सोयच उरत नाही. मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांचा कोरस आहे, त्यामुळे एका बाईची तक्रार हा भाव नाहीसा होऊन घरातल्या साऱ्या बायका एका बाजूला उभ्या राहिल्यासारखे वाटते. मूळ गाण्यात मधला वेगळा भाग नव्हता. येथे तो नव्याने घातला गेला, त्यासाठी सॅम आणि डेव्ह या जोडीच्या एका गाण्यातील स्वरसंगती उचलण्यात आली आणि तीवर किंग कर्टिसने सॅक्सोफोन वाजवला. पण हे सगळे त्या सर्वनामामागून आलेले आहे. नुसता सॅक्सोफोन घालून आणि शब्द तसेच ठेवून हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

रेडिंगनेही ते मोकळ्या मनाने मान्य केले. जून १९६७ मध्ये मॉन्टरे येथील महोत्सवात, हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले, असे श्रोत्यांना सांगून त्याने ते स्वतः गायले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वयाच्या २६ व्या वर्षी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. जाता जाता व्यवहाराची एक गोष्ट : अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळते, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे अरीथाचे ‘रिस्पेक्ट’ रेडिओवर इतकी वर्षे वाजले, त्याचे पैसे रेडिंगच्या पश्चात त्याच्या वारसांकडे गेले.

दुसरे उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. ‘हर्ट’ हे नाइन इंच नेल्स या रॉक बँडचे १९९४ चे गाणे ट्रेंट रेझनरने लिहिले, तेव्हा तो तिशीच्या आत होता. त्यात स्वतःला इजा करून घेणाऱ्या तरुणाची घुसमट आहे, आणि शेवटाकडे गिटारच्या कर्कश गोंगाटात ती बुडून जाते. जॉनी कॅशने २००२ साली, सत्तराव्या वर्षी, ते गायले. रिक रुबिनच्या देखरेखीखाली झालेल्या या ध्वनिमुद्रणात एका शिवीच्या जागी काट्यांचा मुकुट आला, यापलीकडे शब्दांत फारसा फरक नाही. चालही तीच आहे. फरक आहे तो वयाचा. ‘माझे ओळखीचे सारे शेवटी निघून जातात’ अशा अर्थाची ओळ तरुण म्हणतो तेव्हा ते त्याचे त्या रात्रीचे दुःख असते. आजाराने खंगलेला, गळा थरथरणारा म्हातारा तीच ओळ म्हणतो तेव्हा ती साधी वस्तुस्थिती वाटते. साथीला गिटार आणि पियानो, आणि अखेरीस पियानोचा एकच स्वर पुन्हा पुन्हा ठोकला जात आवाज चढत जातो. कॅश पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. त्याची पत्नी जून कार्टर त्याच्या चार महिने आधी गेली होती. हे ठाऊक असल्यामुळे आपण त्या ध्वनिमुद्रणाला जास्त गुण देतो का, असा प्रश्न रास्त आहे. थोडे देतो, हे मान्य करावे; पण यातले काहीही ठाऊक नसलेल्या माणसालासुद्धा हा आवाज म्हाताऱ्याचा आहे एवढे तर ऐकू येतेच, आणि तेवढ्यावर हे गाणे उभे राहते.

तेव्हा माझी कसोटी एकच आहे : गाण्यातून बोलणारे माणूस बदलले का? शब्द बदलून, वय बदलून, कशानेही. ठेका, पट्टी, वाद्यमेळ यांचे निर्णय त्यामागून यावेत. बॉब डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे १९६७ चे गाणे गिटार, माउथ ऑर्गन आणि थोडी तालसाथ एवढ्यावर चालते. कोणीतरी अंगणात बसून संकटाची हकीकत सांगतो आहे, असा त्याचा बाज आहे. जिमी हेंड्रिक्सने पुढच्याच वर्षी ते वाजवले, तेव्हा सांगणारा माणूस त्या संकटाच्या मध्यभागी उभा होता. डिलन स्वतःही पुढे मैफलींत ते हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला.

लेनर्ड कोहेनच्या ‘हालेलुया’ची मात्र आज दया येते. १९८४ चे ते गाणे जॉन केलने १९९१ मध्ये कडव्यांची निवड बदलून गायले, केलचे ऐकून जेफ बकलीने १९९४ मध्ये गायले, आणि तेव्हापासून गाण्याच्या स्पर्धेत उतरलेला जो तो बकलीचीच नक्कल करतो आहे.

प्रश्न : ख्यालातली एकच बंदिश पिढ्यानपिढ्या शेकडो गायक गातात. त्याला कोणी कव्हर म्हणत नाही. मग चित्रपटगीतालाच हा न्याय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कारण बंदिशीची मूळ प्रत श्रोत्यांच्या कानांत नसते. बंदिश ही विस्तार करण्यासाठीच असते, आणि ती पहिल्यांदा कोणी गायली यावरून आजच्या गायकाला कोणी मोजत नाही. चित्रपटगीत किंवा भावगीत आपल्यापर्यंत येते ते ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने. सुरुवातीचे संगीत, दोन कडव्यांमधले बासरीचे तुकडे, गायिकेने श्वास घेतलेली जागा, हे सगळे त्यात कायमचे ठरून गेलेले असते. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत मधला बासरीचा तुकडा जसाच्या तसा आला की टाळ्या पडतात, आणि ‘हुबेहूब’ ही सर्वांत मोठी दाद समजली जाते. त्या कारागिरीला माझा विरोध नाही, पण ती स्मरणरंजनाची सेवा आहे.

मराठी रंगभूमीवर मात्र याचे फार सुंदर उदाहरण आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन रूपांत येते, एक सालगवराळी रागात आणि दुसरे धानी रागात. धानीतले रूप वसंतराव देशपांड्यांचे. शब्द तेच असूनही दोन घराणी, दोन स्वभाव आणि त्यांच्यातले वैर सगळे कानांवर येते. कव्हर म्हणजे काय ते शिकवायचे झाले, तर मी ही दोन पदे लागोपाठ ऐकवीन.

प्रश्न : आमच्या हौशी गटाला काही जुनी चित्रपटगीते नव्याने ध्वनिमुद्रित करून विकायची आहेत. चाल आणि शब्द थोडे बदलले तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : परवानगीवाचून चालणार नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली आलेल्या ३१-क (इंग्रजीत 31C) या कलमानुसार, गाणे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटली की आगाऊ सूचना आणि आगाऊ मानधन देऊन कव्हर काढता येते. मानधन दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने द्यावे लागते, आणि हे कव्हर आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागते. पण याच कलमात अशीही अट आहे की तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल शब्दांत किंवा चालीत करायचा नाही. अमेरिकेच्या कायद्यात गायकाच्या शैलीनुसार मांडणी बदलण्याची मुभा आहे, मूळ चाल आणि गाण्याचा गाभा तेवढा राखावा लागतो. म्हणजे आपल्याकडे नक्कल काढायला कायद्याची वाट मोकळी आहे, आणि ‘रिस्पेक्ट’सारखे काही करायचे असेल तर हक्कधारकाच्या दारात जावे लागते. २०१२ पूर्वीची तरतूद याहून बरीच सैल होती, मुदत दोनच वर्षांची होती, आणि कॅसेटच्या काळात टी-सीरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजांतील कॅसेटी मोठ्या प्रमाणावर काढल्या, त्या याच आधारावर. त्यांतल्या बऱ्याचशा ऐकताना गळा बदलल्याचे कळते, दुसरे काही बदलल्याचे कळत नाही.

तेव्हा बदल करायचाच असेल तर हक्क आज कोणत्या कंपनीकडे आहेत ते आधी शोधा, आणि ‘थोडा बदल’ असे मोघम न लिहिता कोणत्या ओळी आणि चालीतल्या कोणत्या जागा बदलणार आहात ते पत्रात लिहून परवानगी मागा. गाणी निवडतानाही एखादे असे निवडा, ज्याचे हक्क विचारण्याचे कष्ट तुमच्या गटातल्या एखाद्या गळ्यासाठी घ्यावेसे वाटतील. दहा गाण्यांची यादी घेऊन गेलात तर नकारच जास्त मिळतील.